पूरक पोषण आहाराचा हिशेब

पूरक पोषण आहार योजनेची किफायत मोजणे म्हणजे खर्च झालेल्या पैशाच्या बदल्यात बालकाच्या शरीरात काय फरक पडला हे ठरवणे. किती पाकिटे वाटली, किती ताटे वाढली, किती निधी खर्ची पडला ही माहिती त्यासाठी लागतेच. पण तेवढ्यावर उत्तर मिळत नाही. वाटप आणि वाढ यांच्यात मोठे अंतर असते आणि योजनेचा बराचसा पैसा त्या अंतरातच कुठेतरी जिरतो. तो कुठे जिरला याचा शोध हाच या कामाचा गाभा आहे. हे काम वर्षानुवर्षे केलेल्यांना एक गोष्ट फार लवकर कळते: स्वस्त ताट आणि स्वस्तात सुधारलेले बालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सरकारी कागदावर बहुधा पहिलीच लिहिलेली सापडते.

महाराष्ट्रात हा हिशेब मुख्यतः अंगणवाडीचा असतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात तिचे ५५३ प्रकल्प आणि सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांना आणि गरोदर व स्तनदा मातांना घरी नेण्याचा आहार मिळतो. त्याला सगळीकडे 'टीएचआर' असेच म्हणतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतच नाश्ता आणि गरम ताजे जेवण मिळते. केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्ये ठरवलेल्या दरांनुसार बालकामागे दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित बालकामागे १२ रुपये आणि मातेमागे ९ रुपये ५० पैसे धरले गेले. या रकमेत बालकाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तीव्र कुपोषित बालकाला ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने, तर मातेला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने द्यायची होती, तीही वर्षाचे ३०० दिवस. खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात.

अभ्यासाची पहिली पायरी हे दर त्या-त्या वर्षीच्या बाजारभावाशी ताडून पाहण्याची. त्याआधीचे दर २०१२ चे होते: बालकाला ६ रुपये, तीव्र कुपोषिताला ९ आणि मातेला ७. ते पाच वर्षे जागचे हलले नाहीत. दरम्यान २०१५ मध्ये तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. खर्चाच्या तक्त्यात त्या वर्षी काहीच घडलेले दिसत नाही, कारण ताटामागे ६ रुपयेच पडले. प्रत्यक्षात त्या सहा रुपयांत डाळ किती बसत होती हे पाहायचे तर साठा रजिस्टर उघडावे लागते. दर तोच ठेवून वर्षागणिक आहार विरळ करत नेणे हा खर्च कमी करण्याचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात न दिसणारा मार्ग आहे. म्हणून अनुभवी विश्लेषक रुपयाआधी ग्रॅम विचारतो.

दुसरी पायरी अन्नाबाहेरच्या खर्चाची. आठ रुपये हा केवळ अन्नाचा दर आहे. ते अन्न शिजवणारी, वाढणारी, वाटणारी, त्याच्या नोंदी ठेवणारी सेविका आणि मदतनीस यांचे मानधन दुसऱ्या शीर्षाखाली पडते आणि बहुतेक अहवालांत ताटाच्या खर्चात धरलेच जात नाही. ते धरले की चित्र पालटते. समजा, एका अंगणवाडीत चाळीस मुले आहेत. ८ रुपये दराने ३०० दिवसांचे अन्न ९६,००० रुपयांचे होते. २०२३ च्या वाढीनंतर सेविकेचे मानधन महिना १०,००० आणि मदतनिसाचे ५,५०० रुपये झाले; म्हणजे दोघींचे मिळून वर्षाला १ लाख ८६ हजार. सेविकेला आहाराखेरीज पूर्वशालेय शिक्षण, लसीकरणाच्या दिवशीची जमवाजमव, गृहभेटी, सर्वेक्षणे अशी कामे असतात, त्यामुळे ही सगळी रक्कम आहारावर टाकणे चूक ठरेल. दोघींचा मिळून चाळीस टक्के वेळ आहारात जातो असे धरले, तर ७४,४०० रुपये आहाराच्या खात्यात येतात. आठ रुपयांचे ताट मग १४ रुपये २० पैशांचे होते. यात जळण, भांडी, धान्याची वाहतूक, वजनकाटा, मोबाइलवरच्या नोंदीची यंत्रणा आणि पर्यवेक्षिकेचा फिरतीचा खर्च अजून आलेलाच नाही.

चाळीस टक्के हा आकडा येथे केवळ गृहीत आहे. खऱ्या अभ्यासात तो सेविकेबरोबर सबंध दिवस बसून काढावा लागतो. अशा दिवसाची नोंद केली की कळते की स्वयंपाक आणि वाढणे यांपेक्षा त्यांच्याभोवतीची कामे जास्त वेळ खातात: पाणी आणणे, धान्य निवडणे, हजेरीपट भरणे, तीच नोंद पुन्हा मोबाइलवर चढवणे, बिल मंजूर झाले का हे विचारायला प्रकल्प कार्यालयात जाणे. आहार पुरवणाऱ्या महिला बचत गटाचे बिल थकले की उसनवारीवर किराणा आणून आहार चालू ठेवणाऱ्या बायका प्रत्येक तालुक्यात भेटतात. ही उधारी म्हणजे शासनाला गरीब बायकांनी दिलेले बिनव्याजी कर्जच आहे. ते हिशेबात न धरणे म्हणजे योजनेचा खर्च त्यांच्या खिशात ढकलून ती स्वस्त असल्याचे दाखवणे होय. मानधनाचेही तसेच. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात सेविका-मदतनिसांचा संप पन्नासहून अधिक दिवस चालला. त्या काळात ठिकठिकाणी अंगणवाड्यांना कुलपे होती. कमी मानधनात काम भागवण्याने जी बचत दिसते, तिची किंमत अशा न मिळालेल्या आहारदिवसांत चुकवावी लागते.

आईचा वेळ हा आणखी एक न लिहिलेला खर्च. टीएचआर महिन्यातून एकदा-दोनदा न्यायचा असतो, त्यामुळे तिथे तो थोडा असतो. पण तीव्र कुपोषित बालकाला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केले, तर आईला साधारण १४ दिवस रुग्णालयात राहावे लागते. बुडीत मजुरी म्हणून तिला काही रक्कम मिळते. घरी राहिलेली मुले, म्हातारी माणसे आणि शेतातली कापणी यांची भरपाई त्या रकमेत होत नाही. मुदत पूर्ण न करता बाळाला घेऊन निघून गेलेल्या आयांबद्दल केसपेपरवर 'पालकांचे असहकार्य' अशा अर्थाचा शेरा असतो. खर्चाचा अभ्यास करणाऱ्याने तो शेरा तिने भरलेल्या किमतीची नोंद म्हणून वाचायला हवा.

यानंतर येतो या कामातला सर्वांत अवघड प्रश्न: अन्न कोणी खाल्ले? टीएचआरचे पाकीट एका बालकाच्या नावावर निघते आणि एका घरात जाते. घरात दोन-तीन भावंडे असतील तर ते सगळ्यांचे होते, आणि आईने तसे करण्यात अस्वाभाविक काहीच नाही. एका लेकराला भरवून दुसऱ्याला उपाशी बघत ठेवणे कुठल्याच घरात जमत नाही. पाकिटातले पीठ चवीला न आवडल्याने गुरांपुढे गेल्याच्या तक्रारीही राज्यात वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. बालकाच्या पोटात निम्मेच गेले असे धरले, तरी ५०० कॅलरीच्या २५० झाल्या आणि खाल्लेल्या ५०० कॅलरींचा भाव आठाचा सोळा रुपये झाला. शिवाय वाटून खाल्लेले अन्न वाया गेले असेही म्हणता येत नाही. ते भावंडाच्या पोटात गेले आणि तेही बहुधा कुपोषितच असते. लाभार्थी एकच धरायचा की सबंध घर, हे अभ्यास सुरू करण्याआधी ठरवावे लागते. अभ्यास संपल्यावर ठरवले, तर सोयीचे उत्तर निवडण्याचा मोह होतो.

खाल्लेले मोजण्याच्या पद्धती साध्या आहेत, पण त्यांना वेळ लागतो. आदल्या दिवशी बालकाने काय-काय खाल्ले हे आईकडून वेळेच्या क्रमाने विचारून घेतात, न सांगता घरी जाऊन उरलेली पाकिटे मोजतात, अंगणवाडीत ताटात वाढण्याआधी आणि खाऊन झाल्यावर अन्न तोलतात. यातली कुठलीही एक पद्धत पुरी पडत नाही. आई तपासणीसाला बरे वाटेल असे सांगते. आधी कळवून केलेल्या भेटीच्या दिवशी खिचडीत भाजी दिसते. आईपेक्षा घरातल्या थोरल्या मुलीला विचारलेले उत्तर पुष्कळदा खरे निघते, कारण धाकट्याला भरवण्याचे काम तिच्याकडे असते.

परिणामाच्या बाजूला मोजमापाचा प्रश्न आहे. तीव्र कुपोषण, म्हणजे बोलीतले 'सॅम', ठरवण्याचे निकष स्पष्ट आहेत: उंचीच्या मानाने वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणापेक्षा तीन प्रमाण-विचलनांहून खाली, किंवा दंडाचा घेर ११५ मिलिमीटरहून कमी, किंवा दोन्ही पायांवर सूज. निकष स्पष्ट असला तरी रडणाऱ्या, पाय आखडून घेणाऱ्या वर्षाच्या बाळाची लांबी फळीवर मोजणे सोपे नाही. सेंटीमीटरभर चुकले तरी सीमेवरचे मूल सॅममधून मॅममध्ये, म्हणजे मध्यम श्रेणीत, जाऊ शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची १०.९ टक्के मुले या तीव्र श्रेणीत आढळली. चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, हे प्रमाण ९.४ टक्के होते. अंगणवाड्यांच्या मासिक अहवालांतले प्रमाण याच्या जवळपासही नसते. हा फरक केवळ मापनातल्या चुकांचा नाही. ज्या सेविकेच्या रजिस्टरात सॅम मुले जास्त दिसतात तिलाच जास्त खुलासे मागितले जात असतील, तर पुढच्या महिन्यात ती मुले कागदावर सुधारतात. अशा नोंदींवरून 'सुधारलेल्या प्रत्येक बालकामागे खर्च' काढला, तर तो फारच कमी येतो आणि त्या आकड्याला काही अर्थ नसतो.

नोंदी प्रामाणिक असल्या तरी एक सापळा उरतोच. आदिवासी भागात मुलांची वजने पावसाळ्यात घसरतात. घरातले धान्य संपत आलेले असते, आया लावणीला गेलेल्या असतात आणि जुलाब-तापाची साथ असते. तीव्र कुपोषित मुलांची शोधमोहीम नेमकी याच वेळी होते. सर्वांत खाली गेलेली मुले निवडली जातात, त्यांना आहार दिला जातो, आणि दिवाळीच्या सुमारास त्यांचे वजन वाढलेले दिसते. त्यातली काही मुले नवे पीक घरात आल्यावर एरवीही सुधारली असती. योजनेने नक्की किती फरक पाडला हे सांगायचे तर योजना नसलेल्या किंवा उशिरा पोहोचलेल्या तशाच गावांतल्या मुलांची वजने त्याच महिन्यांत घेतलेली हवीत. अशी तुलना नाही म्हणून अहवाल लिहायचा थांबत नाही, ही या क्षेत्रातली जुनी खोड आहे. स्थलांतराने हे आणखी गुंतागुंतीचे होते. दिवाळीनंतर मेळघाट आणि नंदुरबारमधली कुटुंबे वीटभट्ट्यांवर, ऊसतोडीला, बांधकामांवर निघून जातात. ज्यांची दुसरी वजने मिळतात ती गावात राहू शकलेल्या घरांतली मुले असतात. ज्यांना सर्वाधिक गरज होती ती आकडेवारीतून आपोआप गळतात, आणि ती गळल्यामुळेच सरासरी सुधारते.

तीव्र कुपोषणावरच्या उपचाराचा हिशेब नेहमीच्या पूरक आहारापेक्षा वेगळा करावा लागतो, कारण तिथे खर्चही मोठा असतो आणि परिणामही थेट जीविताचा. महाराष्ट्रात उपचाराची रचना तीन पायऱ्यांची आहे. गावात ग्राम बाल विकास केंद्र, त्यावर बाल उपचार केंद्र, आणि गुंतागुंत असलेल्या बालकांसाठी पोषण पुनर्वसन केंद्र. ही उतरंड खर्चाच्या दृष्टीने योग्य आहे, आणि तिला जगभरच्या अनुभवाचा आधार आहे. भूक शाबूत असलेल्या, इतर आजार नसलेल्या बालकाला घरी ठेवून उपचार करता येतात, हे या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेत सिद्ध झाले आणि २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी त्याला संयुक्त निवेदनाने मान्यता दिली. इथिओपियातल्या एका तुलनेत घरच्या उपचाराचा खर्च बालकामागे सुमारे १३५ डॉलर, तर दाखल करून केलेल्या उपचाराचा सुमारे २६३ डॉलर आला. बांगलादेशात गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी केलेल्या उपचारात निरोगी आयुष्याचे एक वर्ष वाचवायला सुमारे २६ डॉलर लागले. रुग्णालयाच्या मार्गाने तेच १,३४४ डॉलरवर गेले. दुसऱ्या आकड्याचे मोठे कारण खाटा किंवा औषधे हे नव्हते. रुग्णालयाकडे पाठवलेली बहुतेक मुले तिथे पोहोचत नव्हती वा बरी होईपर्यंत थांबत नव्हती.

घरच्या उपचाराचे मुख्य साधन म्हणजे शेंगदाण्याची औषधी पेस्ट. शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे-खनिजे यांचे ९२ ग्रॅमचे पाकीट ५०० कॅलरी देते. त्यात पाणी नसते, त्यामुळे जंतू वाढत नाहीत आणि शिजवावेही लागत नाही. फ्रान्समध्ये आंद्रे ब्रियाँ आणि मिशेल लेस्कान यांनी ती १९९६ मध्ये तयार केली. भारतात तिच्यावरून मोठा वाद झाला. २००९ मध्ये केंद्र सरकारने बिहार आणि मध्य प्रदेशात आयात झालेला साठा परत न्यायला सांगितला. कंपन्यांच्या पाकिटावर मुलांचे पोषण टांगून ठेवू नये हा विरोधकांचा मुद्दा होता, आणि तो आजही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मुंबईत सायन रुग्णालयाने अशी पेस्ट स्वतःच तयार करून उपचारात वापरली, हा त्या वादातला व्यवहारी मधला मार्ग.

खर्चाच्या अभ्यासकाला येथे वादापेक्षा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली भारतीय चाचणी जास्त उपयोगी पडते. दिल्ली, राजस्थान आणि तामिळनाडूतल्या ९०६ तीव्र कुपोषित मुलांचे तीन गट केले गेले. एकाला कारखान्यात बनलेली पेस्ट, दुसऱ्याला स्थानिक पातळीवर तयार केलेली पेस्ट, तिसऱ्याला जादा पौष्टिक केलेला घरचा आहार. सोळा आठवड्यांत बरी झालेली मुले अनुक्रमे ४७.५, ५६.९ आणि ४२.८ टक्के निघाली. स्थानिक पेस्ट सर्वांत पुढे राहिली, आणि घरच्या आहाराचा गटही फार मागे नव्हता, कारण त्यालाही नियमित भेटी आणि भरवण्यासाठी मदत मिळत होती. याहून महत्त्वाचा निष्कर्ष पुढचा आहे. विशेष आहार बंद करून मुलांना नेहमीच्या घरच्या जेवणावर आणि सरकारी सेवांवर सोडल्यावर पुढच्या सोळा आठवड्यांअखेर कुठल्याही गटात पाचातल्या एका मुलाचीही सुधारणा टिकली नाही. बालकामागचा उपचारखर्च सोळाव्या आठवड्यात मोजला तर योजना किफायतशीर ठरते आणि बत्तिसाव्यात मोजला तर अनेक पटींनी महाग. ग्राम बाल विकास केंद्रांचे मूल्यमापन मात्र बहुतेक वेळा केंद्र बंद होण्याच्या दिवशीच संपते. बाळाला परत त्याच घरात, त्याच रिकाम्या डब्यांकडे पाठवल्यानंतर काय झाले हे मोजण्यासाठी पैसे राखून ठेवलेले नसतील, तर तो अभ्यास अपुरा आहे असेच म्हटले पाहिजे.

परदेशातले आकडे उचलून येथे लावण्यातही धोका आहे. मलावीत घरच्या उपचाराने निरोगी आयुष्याचे एक वर्ष ४२ डॉलरमध्ये वाचल्याचे २०१२ च्या अभ्यासात दिसले, झांबियात ५३ डॉलरमध्ये. हे आकडे उपचार न मिळालेल्या मुलांपैकी किती दगावतात या गृहीतकावर उभे असतात. आफ्रिकेतल्या अनेक भागांत ते प्रमाण फार मोठे होते. भारतात समुदायपातळीवर पाहणी करून काढलेले मृत्युदर त्यामानाने बरेच कमी आले आहेत. मृत्युदर कमी असेल तर वाचलेली आयुष्यवर्षे कमी होतात आणि प्रत्येक वर्षाचा खर्च वाढतो. तेव्हा मलावीचे ४२ डॉलर नंदुरबारमधल्या धडगावला लागू करता येत नाहीत. धडगावचा मृत्यूचा आकडा धडगावातच मोजावा लागतो. महाराष्ट्राला ही शिकवण नवी नाही. डॉ. अभय बंग आणि स्वयंसेवी संस्थांच्या अभ्यासगटाने २००१ मधल्या 'कोवळी पानगळ' या अहवालात दाखवले होते की राज्यातले पुष्कळ बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नाहीत. ज्या मृत्यूची नोंद नाही तो टाळल्याचे श्रेयही कुठल्या योजनेला देता येत नाही.

अन्न कुठून आणायचे याचाही हिशेबाशी थेट संबंध आहे. अमेरिकेच्या आपत्कालीन अन्नमदतीबद्दल त्या देशाच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ मध्ये सांगितले की खर्चातला सुमारे ६५ टक्के भाग वाहतूक आणि व्यवस्थापनात जातो. अन्नासाठी उरतो तो बाकीचा. गरजेच्या जागेजवळ खरेदी केलेले धान्य निम्म्याहून कमी खर्चात आणि काही आठवडे आधी पोहोचते, हे नंतरच्या तुलनांत दिसले. तेल आणि पोषक पिठासारख्या प्रक्रिया केलेल्या अन्नाला मात्र हा नियम लागू पडला नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न बचत गट विरुद्ध मोठा पुरवठादार या रूपात येतो. आहारपुरवठ्यात कंत्राटदार नकोत, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००४ चा आहे. तरीही मोठ्या कारखान्यात दर पाकिटाचा खर्च कमी पडतो हा युक्तिवाद निविदा निघताना नेहमी पुढे येतो. तो पाकिटापुरता खरा असू शकतो. बचत गटाने केलेला ताजा आहार मुलांनी जास्त खाल्ला तर खाल्लेल्या कॅलरीचा भाव त्याच्या उलट निघेल. दोन्हींची तुलना खाल्लेल्या घासावर करावी लागते, आणि निविदेच्या कागदात तो स्तंभच नसतो.

कॅलरीच्या भावालाही मर्यादा आहे. केवळ ५०० कॅलरी स्वस्तात भरायच्या असतील तर पीठ आणि साखर वाढवत गेले की झाले. अंडे या मोजपट्टीवर महाग ठरते, कारण एका अंड्यात ७० च्या आसपास कॅलरी असतात. पण वाढत्या शरीराला लागणारी उत्तम प्रथिने, कोलीन आणि ब-१२ पिठात मिळत नाहीत. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिल्यावर खुजेपण ४७ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मलावीत तशाच प्रयोगात उंचीवर परिणाम दिसला नाही. तिथल्या मुलांच्या जेवणात आधीपासूनच मासे होते. ज्या ताटात प्राणिज अन्न जवळजवळ नाही तिथे अंड्याचा रुपया जास्त काम करतो, असा याचा अर्थ लावता येतो. आदिवासी भागांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचे चौरस जेवण आहे, आणि पुढे मुलांसाठी आठवड्यातून चार दिवस अंडे, न खाणाऱ्यांना केळी, अशी भर पडली. राज्यातल्या पोषण योजनांत ही सर्वांत समंजस आखणी म्हणता येईल, कारण ती बाळ जन्मण्याआधी सुरू होते आणि जेवण अंगणवाडीतच असल्याने ते आईच्याच पोटात जाते. तिचे बिल मोठे दिसते. खाल्लेल्या अन्नाच्या आणि जन्मवजनाच्या हिशेबात ती कुठे बसते हे सलग काही वर्षे मोजण्याइतके महत्त्वाचे काम या क्षेत्रात दुसरे नाही.

परिणाम किती वर्षांनी मोजायचा यावरही उत्तर बदलते. ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ या काळात दोन गावांत मुलांना प्रथिनयुक्त पेय आणि दुसऱ्या दोन गावांत प्रथिनांविना साधे गोड पेय दिले गेले. आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत प्रथिनयुक्त पेय मिळालेली मुले मोठी झाली तेव्हा त्यांच्यातल्या पुरुषांची तासाची कमाई ४६ टक्के जास्त आढळली. भारतात हैदराबादजवळच्या २९ गावांत १९८७ ते १९९० दरम्यान अंगणवाडीचा पूरक आहार काही गावांत पोहोचला होता आणि काहींत नव्हता. किशोरवयात पहिल्या गावांतली मुले सरासरी १४ मिलिमीटर उंच निघाली. ही योजना काही कामाची नाही असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा. वर्षअखेरच्या खर्चपत्रकात असा परिणाम बसू शकत नाही, म्हणून वार्षिक आढाव्यात पोषणाचा खर्च नेहमी नुसता खर्चच वाटतो.

शेवटचा मुद्दा अंतराचा. पावसात संपर्क तुटणाऱ्या भामरागडच्या पाड्यावर एक पाकीट पोहोचवायला सपाटीवरच्या गावापेक्षा कितीतरी जास्त पैसे पडतात. बालकामागच्या सरासरी खर्चाने क्रम लावला तर असे पाडे यादीच्या तळाला जातात, आणि निधी आटला की कात्री तिथेच लागते. पण मरणाचा धोका जिथे मोठा, तिथे वाचणारी आयुष्यवर्षेही जास्त. पूर्ण हिशेब केला तर दुर्गम पाड्याचा खर्च वाटतो तेवढा महाग उरत नाही. आणि तरीही उरला, तर तो फरक अहवालात वेगळ्या ओळीत, पाड्याच्या नावासह लिहावा. सरासरीत तो मिसळू देऊ नये. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ पासून सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक बालकाला हा आहार हक्क म्हणून दिला आहे, आणि त्यात पोहोचायला किती खर्च येतो अशी अट घातलेली नाही. त्यामुळे दुर्गम पाड्याबाबत विश्लेषकाने सोडवायचा प्रश्न तिथे आहार द्यावा की नाही हा नसतो. तिथे पाकीट, गरम जेवण की अंडे, यांतले काय नेले तर बाळाच्या पोटात सर्वांत जास्त जाईल, आणि पावसाळ्याचे चार महिने त्याचा साठा कुठे आणि कोणाच्या ताब्यात ठेवायचा, एवढेच त्याला ठरवायचे असते.